चूल पेटली की दार उघडं

(सामुदायिक रेडिओवर घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात प्रसारित झालेलं भाषण)



घट बसायला आता आठ-दहा दिवस राहिलेत. घरोघरी काय चाललं असणार ते मला ठाऊक आहे. गोधड्या नदीवर, भांडी अंगणात, आणि आपण पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून जळमटं काढतोय. हात चालू राहू द्या आणि रेडिओही चालू राहू द्या. आज मला बोलायचंय ते याच साफसफाईतल्या एका कोपऱ्याबद्दल. त्याला आपण वरवर पोतेरं फिरवतो आणि पुढे जातो. तो कोपरा म्हणजे चूल.

कोणी म्हणेल, ताई, आता गॅस आलाय, चुलीचं काय घेऊन बसलात? उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर जोडणी आली, हे खरंच. पण मी बैठकीला घरोघर जाते तेव्हा काय दिसतं? चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर. पाहुणे आले की गॅस, अंघोळीचं पाणी चुलीवर. टाकी संपली आणि पैसे नसले की महिनाभर सगळंच चुलीवर. त्यामुळे चूल वाईट, टाकून द्या, असं सांगायला मी आलेले नाही. जी चूल आपण रोज पेटवतो ती नीट पेटवू आणि नीट ठेवू, एवढंच आजचं बोलणं आहे.

सगळ्यात आधी धुराचं. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं सरपण. डोक्यावर मोळी आणली, त्यातलं काही भाकरीखाली जळलं आणि काही धूर होऊन आपल्या डोळ्यांत आणि छातीत गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या असल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची लेकरंही आहेत, कारण लेकरू आईच्या कडेवर किंवा चुलीपाशीच असतं. चूल धुरकटते तेव्हा ती आपल्याला एकच गोष्ट सांगत असते, की मला हवा कमी पडतेय. आपण मात्र फुंकणी घेऊन बसतो. फुंकणीनं घटकाभर जाळ होतो, पण कारण तसंच राहतं.

हवा का कमी पडते? तुमच्या चुलीसमोर बसून बघा. एक तर राख साचलेली असते. राखेनं चुलीचं पोट भरलं की लाकडाखाली हवा जायला जागाच उरत नाही. रोज सकाळी दोन बोटं राख ठेवून बाकीची काढायची. दुसरं, आपण तोंडात चार-पाच जाड फाटी एकदम कोंबतो. मग हवा कुठून शिरणार? दोन-तीन बारीक फाटी घाला आणि पुढं सरकवत राहा. आणि जमलं तर चुलीत लोखंडी जाळी बसवा. जाळी नसेल तर विटेचे दोन तुकडे ठेवून त्यावर लाकडं टेकवा, म्हणजे खालून हवा लागते. हे करून पाहिलेल्या बायका सांगतात की फुंकणी कोपऱ्यात पडून असते.

तिसरं कारण म्हणजे ओलं सरपण. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. ते चुलीत घातलं की जाळ आधी ते पाणी आटवण्यात जातो, आणि मग उरलेला आपल्या डाळीला मिळतो. लाकूड वाळलंय की नाही ते ओळखायला आपल्याला कोणी शिकवायला नको. दोन फाटी एकमेकींवर आपटा. वाळलेली टणटण वाजतात, ओली दबका आवाज करतात. वाळलेल्याच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटलेली असते, आणि हातात हलकी लागतात. जाड ओंडका तसाच ठेवला तर वर्षभर आतून ओला राहतो, म्हणून आधी फोडा आणि मग वाळवा. वाळवताना जमिनीवर टाकू नका. खाली विटा किंवा दगड, वर पत्रा किंवा ताडपत्री, आणि बाजू मोकळ्या. काही जणी चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात, त्यानं आतली ओल आतच राहते आणि लाकूड बुरसटतं. जाता जाता एक सांगते, ढिगातून फाटी काढताना आधी काठीनं ढोसा. विंचू आणि फुरसं यांना ती जागा आपल्याइतकीच आवडते.

पावसाळ्यात मग ओली फाटी रात्री चुलीवर, चुलीच्या कडेला, वैलावर रचून झोपायची सवय आहे. सकाळी वाळलेली मिळतात, हे खरं. पण चुलीत निखारा असतो, मांजर उडी मारतं, एक काडी खाली घसरते, आणि शेजारी सरपण, वर लाकडी तुळई. रात्री दोन वाजता कोण बघणार? चुलीपासून निदान दोन हात लांब ठेवा. त्यापेक्षा पाऊस उतरायच्या आधी, वैशाखातच, दोन-तीन महिन्यांचं सरपण आडोशाला घालून ठेवलेलं बरं.

काय जाळू नये हेही पटकन सांगते. दुधाच्या पिशव्या, रबर, चपला, रंग दिलेली फळी जाळायची नाही. पेटायला सोपं जातं म्हणून आपण पिशवी घालतो, पण तो धूर साध्या धुरापेक्षा जास्त विखारी, आणि त्यावरच भाकरी भाजतो. कण्हेर आणि बिब्बा ही लाकडं तर चुलीजवळसुद्धा आणू नका. बिब्ब्यानं अंग कसं उततं हे रानात जाणाऱ्या आज्यांना विचारा.

पेटवण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलते. पूर्वी रॉकेलची बाटली चुलीमागं असायची. आता रेशनचं रॉकेल मिळत नाही, तर काही घरांत पोरं गाडीतलं पेट्रोल काढून देतात. मैत्रिणींनो, पेट्रोल रॉकेलसारखं नसतं. रॉकेल जिथं ओतलं तिथं पेटतं. पेट्रोलची वाफ हवेत पसरते आणि काडी ओढली की ती हवाच पेटते, थेट तोंडापर्यंत. विझत आलेल्या चुलीवर तर रॉकेलही ओतायचं नाही, कारण गरम राखेवर त्याची वाफ होते आणि भडका उडतो. शेणीचा वाळका तुकडा, नारळाची शेंडी, मक्याची बुरकुंडं, नाहीतर जुन्या सुती चिंधीला गोड्या तेलाचा हात लावून केलेली वात, यातलं काहीही पुरतं. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

आता धुराड्याकडे येऊ. १९८०च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम काढला होता. गावोगाव धुराडं असलेल्या चुली बसवल्या. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनंही आपल्याकडच्या स्वयंपाकाला जुळतील असे नमुने केले, त्यातली दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल काही जणींनी पाहिली असेल. मग त्या चुली गेल्या कुठं? बऱ्याच घरांत आजही छपरातून पाइप वर आलेला दिसतो आणि खाली चूल साधीच, धूर घरात. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'पहिले सहा महिने छान चालली, मग धूर मागं यायला लागला, म्हणून सासूबाईंनी फोडून टाकली.' चुलीत खोट नव्हती हो. धुराडं कधी साफच केलं नव्हतं. चूल बसवून देणारा माणूस साफ कसं करायचं ते घरातल्या बाईला न सांगता निघून गेला, हा माझा राग आहे.

रोज स्वयंपाक होत असेल तर धुराडं महिन्यातून एकदा तरी साफ करायला लागतं. ओलं सरपण जाळत असाल तर त्याहून लवकर, कारण ओल्या धुराची काजळी कोरडी राहत नाही, डांबरासारखी चिकटते. ती साठत गेली की पाइपाचं भोक बारीक होतं, आणि एखाद दिवशी मोठा जाळ केला की ती काजळीच आतून पेटते. धुराड्यातून घोंघावल्यासारखा आवाज आला आणि वरून ठिणग्या उडायला लागल्या तर समजायचं की आत आग आहे. अशा वेळी पाणी ओतायचं नाही, पाइप तडकतो. चुलीतली लाकडं ओढून बाहेर न्यायची, चुलीचं तोंड आणि वैल दोन्ही ओल्या मातीनं किंवा पत्र्यानं बंद करायचं, हवा तुटली की आग बसते. तोवर माणसं घराबाहेर, आणि छपराकडे कोणीतरी लक्ष ठेवायचं.

साफ करायचं ते चूल पूर्ण गार असताना. आदल्या रात्रीनंतर पेटवलीच नाही, अशी सकाळ धरा. लांब वेताला किंवा बांबूच्या कामटीला खराट्याचा गुच्छ, नाहीतर गोणपाटाचा बोळा घट्ट बांधायचा आणि पाइपातून वरखाली फिरवायचा. नाकातोंडाला ओलं फडकं बांधा, खाली घमेलं ठेवा. खाली पडलेली काजळी चुलीतून आणि वैलामधल्या वाटेतूनही काढायची. सगळी काजळी त्या वाटेतच अडकते आणि तीच आपण विसरतो. पाइप सिमेंटच्या पत्र्याच्या जातीचा असेल तर तो कोरडा घासू-खरवडू नका, कापूही नका, त्याची धूळ छातीला वाईट. बोळा ओला करून अलगद फिरवा. आणि छपरावर आपण चढायचं नाही. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनानं मधोमध फुटतो. शिडी लावून, कडेवरून, दिरानं नाहीतर मुलानं करावं, खाली कोणीतरी शिडी धरून. घरातल्या पुरुषांनी वर्षातून दहा-बारा वेळा एवढं करायला काही हरकत नसावी. भाकरी सगळेच खातात.

पाइपाचं टोक छपराच्या वर दोन-तीन फूट असू द्या, नाहीतर वारा धूर खाली ढकलतो. वर टोपी हवी, म्हणजे पाऊस आत येत नाही. पाऊस संपला की चिमण्या-साळुंक्यांनी घरटं केलंय का तेही बघा. छप्पर गवताचं किंवा पाचटाचं असेल तर पाइप जिथून वर जातो तिथं भोवती पत्रा लावून मातीनं लिंपा, तापलेला पाइप गवताला भिडता कामा नये.

ज्यांच्याकडे धुराडं नाही त्यांनी निराश होऊ नका. चुलीच्या वर भिंतीत किंवा छपरात एक झरोका, आणि समोरच्या बाजूला एक दार किंवा खिडकी उघडी, एवढ्यानंही फरक पडतो. गरम धूर वरून जातो, गार हवा खालून येते. वर एकच झरोका आणि खाली सगळं बंद, असं असेल तर धूर आतच घुटमळतो. शक्य असेल तर चूल पडवीत घ्या आणि गुडघ्याएवढ्या कट्ट्यावर बसवा. रांगतं लेकरू कट्ट्यावर जात नाही. चुलीवरची काळी जळमटं महिन्याला लांब बांबूनं काढा. ती वाळल्या कापसासारखी पेटतात.

एकाच खोलीत गॅस आणि चूल असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो, आणि आपली चूल जमिनीलाच. शेगडीची नळी गळत असेल आणि कोपऱ्यात निखारे असतील तर पुढचं मी बोलत नाही. चूल पेटती असताना टाकी बदलायची नाही. वास आला तर चूल फुंकू नका, बटणं चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. जमलं तर दोन्ही वेगळ्या खोल्यांतच ठेवा.

राखेचंही एक सांगायचंय. वरून पांढरी आणि गार दिसणारी राख आत दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा जपते. सकाळी उकिरड्यावर टाकायची, दुपारी वारा सुटतो आणि शेजारी कडब्याची गंज असते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या प्रभागात एका घरचा सगळा कडबा असाच गेला आणि दोन म्हशी अर्ध्या किमतीला विकाव्या लागल्या. राख लोखंडी घमेल्यात काढायची, पाण्याचा शिपका मारायचा, एक दिवस अंगणात मोकळ्यावर ठेवायची आणि मग टाकायची. प्लास्टिकच्या बादलीत किंवा पोत्यात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे बोलणं आजच ठेवलं, ती. नवरात्र झालं, दिवाळी झाली की थंडी पडेल. दारं बंद होतील, खिडकीत पोती कोंबली जातील, आणि घमेल्यात निखारे घेऊन आपण खोलीत येऊ. धुराची आपल्याला भीती वाटते, कारण तो दिसतो आणि डोळ्यांना झोंबतो. निखाऱ्याचा धूर नसतो, म्हणून आपण त्याच्यावर विश्वास टाकतो. पण लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो झोंबत नाही. श्वासातून तो रक्तात जातो आणि प्राणवायूच्या जागेवर बसतो. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, सहजी सुटत नाही. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. आणि त्या झोपेतून माणूस उठतच नाही.

आपल्याकडे घरातली सगळ्यात बंद खोली कुणाची? बाळंतिणीची.

आमच्या भागातल्या एका गावात, दोन वर्षांपूर्वी पौषात घडलेलं सांगते. गावाचं आणि घराचं नाव घेत नाही. लेक पहिलटकरीण, माहेरी आलेली, बाळ नऊ दिवसांचं. सकाळी अंघोळी झाल्या. घरातल्या चुलत आजी शेक द्यायला बसल्या. खाटेखाली शेगडी, वर ओवा आणि शेपाची धुरी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराला गोधडी लावलेली, खिडकी बंद. थोड्या वेळानं लेक म्हणाली, "आजी, माझं डोकं फार ठणकतंय." आजी म्हणाल्या, "दुखायचंच गं, अंग ओलं आहे तुझं, पड जराशी." अर्ध्या तासानं वहिनी अळिवाची खीर घेऊन आली. तिनं गोधडी सारली तर लेक अर्धवट शुद्धीत, आजी भिंतीला टेकून बसलेल्या आणि अंगावर उलटी, बाळ हाक मारूनही हलेना. त्या वहिनीनं खीर तिथंच टाकली, आधी बाळाला उचलून अंगणात आणलं, मग आरडाओरडा करून नणंदेला आणि आजींना बाहेर ओढलं. दवाखान्यात प्राणवायू लावला. तिघंही वाचली. बाळ आता अंगणवाडीच्या वजनकाट्यावर बसतं आणि रडून गाव डोक्यावर घेतं.

आजी काही वेड्या नव्हत्या. त्यांनी स्वतःची सहा आणि सुनांची दहा बाळंतपणं याच शेगडीवर काढली होती. पण तेव्हाचं घर कुडाचं होतं, कौलांतून आकाश दिसायचं. बंद दाराचं घरही श्वास घ्यायचं. आता घर सिमेंटचं, वर स्लॅब, अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. शेगडी तीच राहिली, भोवतालचं घर बदललं. सासूबाईंना किंवा आईला समजावताना हे सांगा. 'तुमचं चुकलं' म्हणालात तर ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं?

शेक बंद करा असंही मी म्हणत नाही. शेगडी पडवीत किंवा अंगणात ठेवा. तिथं तव्यावर सुती फडकं गरम करा, आपल्या मनगटावर लावून बघा, आणि ते फडकं आत घेऊन जा. गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून चालते. ऊब आत न्यायची, निखारा बाहेर ठेवायचा. बाळाला धुरी मात्र नकोच. त्याचं फुफ्फुस आपल्या मुठीएवढंही नसतं. बाळाला ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं, डोक्याला टोपरं, पायात मोजे, वरून दोघांवर पांघरूण. आशाताई हे दाखवतात, त्यांना बोलवा. बाळंतिणीचे केस उन्हात किंवा कोरड्या पंचानं सुकतात.

ओळखायचं कसं? एका खोलीतल्या दोघी-तिघींना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावर बरं वाटलं, तर ते बाळंतवाताचं नाही, पित्ताचंही नाही. तुम्ही आत शिरलात तर आधी दार-खिडकी सताड उघडायची, माणसं बाहेर काढायची, शेगडीचं नंतर बघायचं. शुद्ध हरपली असेल, बोलताना जीभ जड होत असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर १०८ ला फोन. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, 'बंद खोलीत निखारे होते.' डॉक्टरांना ते बघून कळेलच असं नाही. आणि कोरोनापासून गावात जे बोटाला लावायचं यंत्र आलंय, त्यानं ९८ दाखवलं म्हणून घरी थांबू नका. त्या साध्या यंत्राला या वायूनं भरलेलं रक्त आणि प्राणवायूनं भरलेलं रक्त यातला फरक कळत नाही.

हेच शेकोटीलाही लागू. द्राक्षाच्या बागेत थंडीत रात्री शेकोट्या पेटवतात, ते मोकळ्यावर असतं. तेच घमेलं पंपाच्या खोलीत घेऊन दार लावून झोपलेल्या राखणदारांचा धोका आपल्या बाळंतिणीइतकाच. तुमच्या घरचं कोणी बागेवर, ऊसतोडीच्या कोपीवर किंवा वीटभट्टीवर रात्रीचं राहत असेल तर आजच्या आज फोन करून सांगा.

भाजलं तर काय करायचं, एवढं सांगून आटोपतं घेते. अंगावर कपडा पेटला तर पळायचं नाही, पळण्यानं जाळ वाढतो. खाली पडून लोळायचं, दुसऱ्यानं घोंगडी किंवा जाड गोधडी टाकायची. नायलॉनची साडी, ओढणी, गाऊन हे वितळून अंगाला चिकटतात, म्हणून चुलीपुढं सुती आणि पदर खोचलेला. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं. नळ नसेल तर तांब्यानं ओतत राहा. बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काही नको. बांगड्या आणि जोडवी सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. वर स्वच्छ सुती कापड टाकून दवाखाना गाठा. लहान मूल असेल, किंवा तोंड, हात, छाती भाजली असेल तर जखम लहान वाटली तरी जायचंच.

गटांसाठी एक काम ठेवते. या महिन्याच्या बैठकीत हप्ते आणि वसुली झाली की अर्धा तास काढा. सगळ्यांनी मिळून जवळच्या पाच घरांच्या चुली बघून या, उखाळ्यापाखाळ्या न काढता. कुणाला पाइप बदलायचाय, कुणाला जाळी हवीय, हे वहीत लिहा. दहा पाइप एकदम घेतले तर दुकानदार भाव कमी करतो, आणि अंतर्गत कर्जातून एवढी रक्कम सहज बसते. धुराडं साफ करायची एक कामटी गटाची असली तर घरोघर फिरवता येईल. आणि गटातल्या कुणाची लेक-सून येत्या थंडीत बाळंत होणार असेल तर तिचं नाव आत्ताच लिहून ठेवा. तिच्या घरी दोघींनी जाऊन यायचं, आजींसाठी सुपारी घेऊन.

गेल्या आठवड्यात एका ताईंनी फोन करून विचारलं होतं, की कोंबडीच्या पिल्लांना थंडीत ऊब द्यायला खुराड्यात निखाऱ्याची शेगडी ठेवू का? वीज जाते, बल्ब चालत नाही, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण बंद खुराड्यात पिल्लंही याच वायूनं मरतात. भाताचं तूस चांगलं चार बोटं जाड अंथरा, गरम पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून मधे ठेवा, वर डालगं, आणि डालग्यावर गोणपाट टाकताना एक बाजू उघडी सोडा. पिल्लं बाटलीभोवती गोळा झाली की त्यांना थंडी वाजतेय, कडेला पसरली की गरम होतंय. रात्री एकदा उठून पाणी बदलावं लागेल. बाकी प्रश्न पुढच्या वेळी घेईन.